बंड वाचावं कसं? — गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आणि एक आयरिश पुस्तक

इतिहासाचं नाव काढलं की आपल्यापैकी निम्म्यांना दहावीच्या सनावळ्या आठवतात आणि उरलेल्यांना झोप येते. दहावीनंतर आपण इतिहास सोडला तो सोडलाच. आता तो भेटतो सिनेमात, नाहीतर मोबाइलवर फॉरवर्ड होऊन. मग त्यावरून मेसमध्ये भांडणं होतात. गंमत म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी कुणीच मूळ काही वाचलेलं नसतं!

म्हणून हा लेख. इतिहासाचं एखादं रसाळ, डोळ्यांसमोर चित्र उभं करणारं पुस्तक हातात आलं तर ते कसं वाचायचं, एवढाच याचा विषय. उदाहरणाला मी दोन पुस्तकं घेते. एक आपल्या कोकणातलं, विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’. दुसरं इंग्रजी, थॉमस पॅकनम यांचं ‘द इयर ऑफ लिबर्टी’. पहिल्याचा विषय १८५७ चं बंड, दुसऱ्याचा १७९८ चं आयर्लंडमधलं बंड. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे इंग्रजी पुस्तक भराभर संपलं आणि मराठी पुस्तकाला चौपट वेळ लागला. अंधेरी–घाटकोपर मेट्रोत उभ्याने वाचताना एकेका वाक्यावर अडकायला व्हायचं. पण अडकत वाचल्याचा फायदा असा, की धावत्या नजरेतून जे सुटतं ते इथे सुटलं नाही.

भटजी निघाले दक्षिणेला… म्हणजे दक्षिणा मिळवायला!

आधी गोष्ट थोडक्यात. वरसई हे रायगड जिल्ह्यात पेणजवळचं गाव. तिथले विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे, तिशीच्या आसपासचे गृहस्थ. घरावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दानधर्म भरपूर होणार आहे. भटजी काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. हेतू साधा आणि प्रामाणिक होता. चार पैसे मिळवावे, तीर्थयात्रा करावी, घरचं कर्ज फेडावं.

आता आपल्या मुंबईकडे पाहा. त्या वेळी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. १६ एप्रिल १८५३ ला ती पहिल्यांदा धावली. म्हणजे आज घाटकोपर, मुलुंडहून आपण ज्या मार्गावर लटकत जातो, त्या मार्गावर तेव्हाच इंजिन धूर सोडत होतं. आणि पेणजवळचे हे भटजी मात्र उत्तर हिंदुस्थानात शेकडो मैल पायी हिंडणार होते!

१० मे १८५७ ला मेरठला ठिणगी पडली आणि भटजी आपसूक त्या वणव्यात सापडले. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, अयोध्या, काशी असं फिरून, अनेकदा लुटले जाऊन, शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. मिळवलेला पैसा वाटेतच गेला होता. घरी पोचलं ते पाणी आणि आठवणी.

या आठवणी त्यांनी साधारण पंचवीस वर्षांनी लिहून काढल्या. लिहा म्हणून आग्रह करणारे होते चिंतामण विनायक वैद्य, आणि पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. म्हणजे बंडाला बरोबर पन्नास वर्षं झाल्यावर. नंतर १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली. अमृतलाल नागरांनी हिंदीत ‘आँखों देखा गदर’ केलं. इंग्रजीत मृणाल पांडे यांचं भाषांतर २०११ मध्ये आलं आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांचं २०१४ मध्ये. त्यामुळे ‘मराठी जड जातं’ ही सबब कुणीच सांगू नये.

पहिला नियम: पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण ऑब्झर्व्हेशन आणि इन्फरन्स वेगळे लिहितो. (निदान लिहायचे असतात!) इतिहास वाचतानाही पेन्सिल घेऊन तेच करायचं. मी समासात तीन खुणा केल्या. ‘पा’ म्हणजे लेखकाने स्वतः पाहिलं. ‘ऐ’ म्हणजे ऐकलं. ‘अ’ म्हणजे अनुमान किंवा मत.

आता गंमत बघा. वाटेत महूकडे शिपाई भेटतात आणि भटजींना सांगतात की इंग्रजांनी धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं काढली आहेत, त्यावर कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा झाली, वगैरे. भटजी हे सगळं असं लिहितात की जणू आपण त्या सभेत मागच्या बाकावर बसलो आहोत. पण खूण कुठली? ‘ऐ’! अशी काही सभा भरली नव्हती. तरी मग हा मजकूर खोडून टाकायचा का? मुळीच नाही. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा खरंच झाला होता, काडतुसांची भीती खरी होती आणि एकामागून एक संस्थानं खालसा होत होती. अफवा खोटी, पण तिच्यामागची धास्ती खरी. चौऱ्याऐंशी कलमांवरून आपल्याला कलकत्त्यात काय घडलं ते कळत नाही. महूच्या रस्त्यावरच्या शिपायाच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळतं. आणि १ जुलै १८५७ ला महूच्या पलटणी उठल्याच.

उलट झाशीचा भाग बघा. तिथे ‘पा’च्या खुणा रांगेने लागतात. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम, त्यांचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणं… हे भटजी झाशीत राहून बघत होते. त्याचमुळे ती बाई पुतळ्यातून उतरून चालायला लागते.

आणि तो विहिरीचा प्रसंग! काल्पीच्या वाटेवर भटजींना राणी पुन्हा भेटते. लढाईतून आलेली, पुरुषी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. आपण विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, अशा अर्थाचं बोलून स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. एवढंच. तलवार नाही, पाठीवर मूल नाही. मला तरी चौकातल्या पुतळ्यापेक्षा ही राणी जास्त थोर वाटली.

दुसरा नियम: दुसरा साक्षीदार शोधा

एकाच रीडिंगवर ग्राफ काढत नाहीत. सर ओरडतात.

झाशीचा वेढा मार्च १८५८ च्या अखेरीस पडला. सेनापती होता सर ह्यू रोज. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेतवा नदीजवळ पराभव झाला आणि ३ एप्रिलला पहाटे शहराच्या तटावर हल्ला झाला. शत्रू तटावर कसा चढला, याचं भटजी सांगतात ते असं, की मजुरांच्या डोक्यावर गवताचे भारे देऊन ते तटाशी एकावर एक टाकले आणि त्याची पायरी करून गोरे वर आले. चित्र एकदम डोळ्यांसमोर उभं राहतं.

आता दुसरा साक्षीदार. थॉमस लो नावाचा डॉक्टर मद्रास सॅपर्स अँड मायनर्स या तुकडीबरोबर होता. सॅपर्स म्हणजे लष्करातले आपलेच भाऊबंद, इंजिनीयर. त्याचं पुस्तक १८६० मध्ये निघालं. त्यात आणि इतर इंग्रजी वृत्तांतांत शिड्या आहेत. काही शिड्या तोकड्या पडल्या, काही माणसांच्या भाराने मोडल्या. बॉम्बे इंजिनीयर्सचे डिक आणि मायकलजॉन हे दोन तरुण लेफ्टनंट शिड्यांवरून चढताना मारले गेले. दुसऱ्या बाजूला तोफांनी तटाला खिंडार पाडलं होतं, तिथून आणखी एक तुकडी आत घुसली.

मग खरं काय, गवत की शिड्या? माझं उत्तर असं. तटावर कोण कसं चढलं हे शिडीवरच्या माणसाला जास्त ठाऊक असणार. भटजी त्या वेळी शहरात होते, तटावर नव्हते. त्यामुळे चढाईच्या तपशिलात मी लोच्या बाजूला झुकते. पण त्यानंतर गल्लीत, घरात, विहिरीपाशी काय झालं हे कुणाला ठाऊक? तिथे डॉक्टर लोला कळलं ते बाहेरून आलेल्याला कळावं तेवढंच. आत लपून बसलेल्या भटजींची साक्ष तिथे जास्त वजनाची. म्हणजे ‘हा विश्वासू, तो थापाड्या’ असा एकच शिक्का मारायचा नाही. प्रत्येक वाक्याला विचारायचं, बाबा रे, तू तेव्हा कुठे उभा होतास?

तिसरा नियम: नकोसं पान उलटू नका

आता जरा अवघड भाग. झाशी पडल्यावर शहरात कत्तल झाली. भटजी लपून वाचले. आगी, गल्लीतली प्रेतं, विहिरीत उड्या घेणारी माणसं, घरं धुंडाळून पैसा काढून घेणारे सोल्जर. लूट पण टप्प्याटप्प्याने. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडे, धान्य. झाशीच्या संग्रहातल्या पोथ्यांची नासाडीही त्यांनी लिहून ठेवली आहे. भिक्षुक माणूस, पोथ्या गेल्याचं दुःख त्याला सोन्याइतकंच. इंग्रजी वृत्तांतात मेलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या आसपास दिला जातो. लढणारे किती आणि घरात बसलेले किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. भटजी वाचल्यावर मात्र त्यात घरात बसलेले होते याबद्दल शंका उरत नाही.

हे वाचताना रक्त तापतं. तापायलाच हवं. पण याच झाशीत दहा महिने आधी, ८ जून १८५७ ला, जोखनबागेत साठेक युरोपियन मारले गेले होते. त्यात बायका आणि मुलंही होती. त्यात राणीचा हात होता की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहे. रोजच्या सैन्याच्या डोक्यात हीच जोखनबाग होती. तिने एप्रिलची कत्तल माफ होत नाही. पण ती पानं गाळून वाचलं, तर एप्रिलमध्ये एवढं क्रौर्य कुठून आलं ते कळतच नाही.

आयरिश पुस्तकातही हेच. १७९८ च्या उठावात वेक्सफर्डच्या शेतकऱ्यांनी भाले घेऊन तोफांना तोंड दिलं, ते वाचताना आपण त्यांच्याच बाजूचे होतो. सैनिकांनी खेड्यांवर केलेले अत्याचार वाचून तर होतोच होतो. आणि मग ५ जूनचं स्कलाबोग येतं. बंडखोरांच्या ताब्यातले शंभराहून जास्त कैदी, बायका-मुलांसकट, मारले गेले. बहुतेकांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. आपल्या ‘हीरों’नी! चांगलं पुस्तक अशा पानावर तुम्हाला एकटं सोडत नाही, पण पान उलटूही देत नाही.

चौथा नियम: माणसं कुठून आली ते विचारा

या अभ्यासातला हा भाग मला सगळ्यात जास्त हलवून गेला. आयर्लंड आणि झाशी यांचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. बघा तर.

आयर्लंडमध्ये २१ जून १७९८ ला व्हिनेगर हिलवर बंडखोरांचा कणा मोडला, त्या सैन्याचा सेनापती होता जनरल लेक. पाच वर्षांनी हाच लेक हिंदुस्थानात दिसतो. १८०३ मध्ये दिल्ली आणि लासवारीला त्याने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दौलतरावांची पत्नी कोण? बायजाबाई! ज्यांच्या यज्ञासाठी आपले भटजी घरातून निघाले, त्याच. दौलतराव आणि बायजाबाईंचं लग्न पुण्यात झालं ते सालही १७९८. आणि त्या साली आयर्लंडचा कारभार हाती घेऊन बंड मोडणारा व्हाइसरॉय होता लॉर्ड कॉर्नवॉलिस, आपल्याकडे आधी गव्हर्नर जनरल राहून गेलेला.

आता उलट दिशेने. ३ एप्रिल १८५८ ला झाशीवर चढलेल्या पलटणींत एक होती ८६ वी, रॉयल काउंटी डाउन. म्हणजे आयरिश पलटण. त्यातल्या जेम्स बर्न नावाच्या साध्या शिपायाला त्या दिवशीच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमी अधिकाऱ्याला त्याने गोळीबारातून उचलून आणलं होतं. त्याचं गाव विक्लो परगण्यातलं न्यूटाउनमाउंटकेनेडी. याच गावात ३० मे १७९८ ला बंडखोरांची आणि सरकारी सैन्याची लढाई झाली होती. साठ वर्षांपूर्वीच्या त्या आठवणी गावात सांगितल्या जात असतीलच. त्या गावचा पोरगा झाशीत बंड मोडायला आला.

‘कसले हे आयरिश!’ असं म्हणायच्या आधी जरा थांबा. त्याच हल्ल्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीची २५ वी पलटण होती. बॉम्बे आर्मीत त्या काळी कोकण आणि देशावरचे शिपाई मोठ्या संख्येने असत. म्हणजे तटाच्या आत वरसईचे भटजी जीव मुठीत धरून बसलेले, आणि बाहेरून येणाऱ्यांत त्यांच्याच मुलुखातली, त्यांचीच भाषा बोलणारी माणसं असण्याचा दाट संभव. (इथे समासात ‘अ’ लिहा. हे माझं अनुमान आहे.) तो शिपाई कोण होता, त्याच्या घरी कर्ज किती होतं, पलटणीचा पगार नसता तर घरी चूल पेटली असती का? त्याचं ‘माझा प्रवास’ कुणी लिहून ठेवलं नाही.

आणि मुंबई तरी कुठे बाहेर होती? १५ ऑक्टोबर १८५७ ला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. सीएसएमटीला उतरून आपण तिथूनच रोज घाईने जातो.

पाचवा नियम: मधे कुणाचा हात फिरला?

पुस्तक लेखकाकडून सरळ आपल्या हातात येत नाही. १९०७ साली राज्य इंग्रजांचं होतं. वैद्यांनी मजकूर छापताना भाषा नेटकी केली, काही गाळलं, काही बदललं. त्यांना दोष द्यायचं कारण नाही. त्यांनी आग्रह धरला नसता तर भटजींनी लिहिलंच नसतं. पण १९६६ ची आवृत्ती शेजारी ठेवली की मूळ माणसाचा आवाज ऐकू येतो. जास्त ओबडधोबड आणि जास्त जिवंत.

शब्दही बघायचे. शाळेत माझ्या इंग्रजी पुस्तकात काही ठिकाणी ‘म्युटिनी’ होतं. सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथात ते ‘स्वातंत्र्यसमर’ आहे. भटजींच्या पुस्तकाच्या नावातच ‘बंडाची हकीकत’ आहे. आयर्लंडमध्येही ‘रिबेलियन’ म्हणायचं की ‘रायझिंग’, यावर माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं. आणि पॅकनम यांच्यासारख्या इतिहासकाराची अडचण वेगळीच. सरकारकडे कागदांचे ढीग, बंडखोरांकडचे कागद फार थोडे. हरलेला माणूस फाइल ठेवत नाही. म्हणूनच एका कर्जबाजारी भिक्षुकाने, कुठल्याच बाजूचा सेनापती नसताना, लिहिलेली ही हकीकत एवढी मोलाची.

मग एवढं करून उपयोग काय?

परीक्षेत मार्क मिळणार नाहीत, हे आधीच सांगते. प्लेसमेंटलाही कुणी विचारणार नाही. पण आपल्या मोबाइलवर रोज कुणीतरी १८५७ नाहीतर आणखी कुठलं साल पाठवत असतं, आणि त्या जोरावर आज कुणावर तरी चिडायला सांगत असतं. अशा वेळी विचारायचे प्रश्न पाचच. सांगणारा कुठे उभा होता? दुसरा साक्षीदार कोण? कुठलं पान उलटलं गेलं? समोरची माणसं कुठून आली होती? आणि मधे कुणाचा हात फिरला? हे पाच प्रश्न विचारेपर्यंत निम्मा राग ओसरतो. जो उरतो, तो खरा असतो. तो जरूर ठेवावा.

शेवटी एक प्रॅक्टिकल सूचना. ‘माझा प्रवास’ पीएलमध्ये उघडू नका, अभ्यास बाजूला राहील. सबमिशनं संपली की घ्या. रोज दहा पानं, हातात पेन्सिल, समासात तीन अक्षरं. पुस्तक लायब्ररीचं असेल तर वेगळ्या कागदावर, नाहीतर लायब्रेरियन मॅडम माझ्या नावाने ओरडतील. आणि रूममेटशी भांडण झालंच, तर निदान दोघांनी तेच पान वाचून भांडा. मजा येते!